पाकटाचा काटा

२ फेब्रुवारी, रविवार. मालवण.
आज सकाळी सव्वाअकरा वाजता, पाण्याखाली वीस फुटांवर, माझं आयुष्य बदललं.
स्कूबावाल्या पुंडलिकनं होडीतच बजावलेलं: तळाला पाय टेकवायचे नाहीत. पण लोंबकळणारा माणूस व्हिडिओत मर्द कसा दिसणार? गल्लीतल्या मेघाचं स्टेटस होतं, ‘धाडस असेल तरच बोला.’ छाती काढून वाळूवर दणकन उभा राहिलो.
वाळू उठली. वाळूला डोळे होते.
परातीएवढा पाकट मासा. शेपटीचा एकच फटका माझ्या पायावर मारला आणि सावकाश निघून गेला. कसलीच घाई नाही.
पुंडलिक म्हणाला, काटा आत राहिला असणार, आजच दवाखान्यात जा. मी लई ओरडलो असंही म्हणाला. व्हिडिओला आवाज नाही, सिद्ध कर म्हणालो.
दवाखाना कॅन्सल. मेघा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या रविवारी हॉस्टेलवरून आमच्या गल्लीत घरी येणार. जखम तिच्याच हातून बांधून घेणार.
सात दिवस. किरकोळ.

४ फेब्रुवारी. चिकलठाणा.
चप्पल पायात जात नाही. आक्काबाई आत्यानं हळद लावली. म्हणाली, मासा आपण खायचा असतो, त्यानं आपल्याला नाय. आप्पा म्हणाले, कॉलेज सोडलं, आता पायबी सोड. मी तांब्या फेकला.
संकल्प: राग कमी करणे.

५ फेब्रुवारी, दुपार.
मेघाला व्हिडिओ पाठवला. दोन निळ्या टिक. उत्तर नाही. भारावली असणार.

६ फेब्रुवारी.
आत्यानं बळंच दौलताबादला नेलं, विंचू उतरवणाऱ्या सांडूबाबाकडं. बाबानं राख घेतली, मंत्र सुरू केला, मधेच थांबला. डंख कुठं बसला? समुद्रात, म्हणालो. राख परत डब्यात. म्हणाला, आपला मंत्र दगडाखालच्याला लागतो. खाऱ्या पाण्यातलं आपल्याकडं नाय, लेकरा. डॉक्टरला दाव, आजच्या आज.
नारळ परत देणारा बाबा पहिल्यांदाच पाहिला. आत्या रिक्षात रडत होती. घाबरट बाई.

७ फेब्रुवारी.
दोन बोटं काळी पडली. सुई टोचून बघितली, अजिबात दुखत नाही. म्हणजे बरं होतंय.

८ फेब्रुवारी.
ताप. आप्पा दवाखाना दवाखाना करत होते, आतून कडी लावली. गोधडीखाली काहीतरी चपटं सरकतं. दोनदा गोधडी झटकली.
एकच दिवस राहिला.

९ फेब्रुवारी, रविवार, साडेदहा.
मेघा आली. दारातच ओढणी नाकाला. किती दिवस झाले, विचारलं. जखम तुझ्यासाठीच राखून ठेवली, म्हणालो. ती पायाकडं नाही, माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, येडा हाईस का दादा?
दादा.
ड्रेसिंग कर म्हणालो. म्हणाली, दोन बोटं गेल्यात जमा, आता पाय वाचवायचाय. व्हिडिओचं विचारलं. म्हणाली, तो तू होतास व्हय? फॉरवर्ड वाटला.
ती रिक्षात पुढं बसून डॉक्टरांशी फोनवर बोलतेय. आत्या मागं बसलीय. आप्पा मला उचलायला वाकले, हात झटकला. उंबऱ्यापासून रिक्षा आठ पावलं. पाचही बोटांनिशी ही शेवटचीच असतील, तर माझी मी चालणार. आप्पा बाहेर जाऊन उभे राहिले.
घरात आता कुणी नाही. वही ठेवतो. उठतो.
दार मीच ओढून घेतो.