गुंडीला धरलेली बोटं

धुळे, १० फेब्रुवारी २०२५

ती. कमलफुईस ललितचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन लावायला तू तयार नाहीस, म्हणून पोस्टमनला कामाला लावतोय. शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवतो, माझीही उजळणी होईल.

बाबांना जाऊन सहा महिने झाले. त्यांच्या आणि अमृत आबांच्या नावाने इंटरनेटवर स्मरणाचं पान करतोय. फोटो, वंशावळ, आठवणी सगळं असेल. कुणीही कुठूनही दिवा लावू शकेल, म्हणजे बटण दाबून. हसू नकोस.

एक कोडं मात्र सुटत नाही. आबा-आजीचं लग्न अठ्ठावन्न सालचं आणि तुझा जन्म चोपन्नचा. बाबांना विचारायचं राहून गेलं, आता सांगणारी त्यांची बहीण तूच. जे लिहिशील ते तुझ्या-माझ्यात राहील, बाबांची शपथ. आबांचा फोटोही तुझ्याकडे आहे, तेवढा पाठव.

माझ्यावरचा तुझा लोभ असाच राहो.

तुझा,
ललित


यावल, २० फेब्रुवारी २०२५

चि. ललितला फुईचे अनेक आशीर्वाद.

बटण दाबून दिवा! तेल-वातीचा खटाटोपच मिटवलास की रे. दिपमालाला सांग, तुझा नवरा फार शिकला.

वनाची, तुझ्या बापाची शपथ घातलीस म्हणून लिहिते. इथे सासरी हे कुणालाही माहीत नाही, पोटच्या पोरालासुद्धा नाही. माझा जन्मदाता पितांबर, शिरपूरकडचा. मी वर्षाची असताना त्याला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि त्यातच तो गेला. पुढे आईनं आबांशी पाट लावला, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. मी आईचं बोट धरून त्या घरात आले, वना नंतर झाला. पण आबांनी मला थोरली लेक म्हणूनच वाढवलं आणि थोरली लेक म्हणूनच यावलला दिलं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या घागरी भरायच्या, तर पहिलं पाणी कमलच घालेल, असा त्यांचा हट्ट असायचा. म्हणून वना दर वर्षी मला न्यायला यायचा.

फोटो रजिस्टरने पाठवते. जळगावच्या स्टुडिओत काढलेला, आबांच्या मांडीवर मी. एकच आहे, जीव लावून ठेव. इकडे केळीची काढणी चालू आहे, घरात कुणाला बसायला वेळ नाही.

माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
फुई


यावल, ४ एप्रिल २०२५

चि. ललित यास आशीर्वाद. हाताला सवय आहे म्हणून लिहिले गेले.

काल माझ्या सुनेनं, भाविकानं, मोबाइलवर तुझं पान उघडलं आणि कौतुकानं मोठ्यानं वाचायला घेतलं. मला ऐकू जावं म्हणून आणखी मोठ्यानं. मुलगा, नातवंडं, शेजारची दोन माणसं, सगळे बसलेले. उदार मनाच्या आबांनी पितांबर यांच्या विधवेशी पाट लावून तिच्या मुलीलाही सांभाळलं, असं तू लिहिलंस.

सांभाळलं! दारातलं ढोर सांभाळतात, ललित. माझा मुलगा विचारतो कसा, की आई, एवढी वर्षं आमच्यापासून लपवलंस? काय सांगू त्याला?

मेलेल्या बापाची शपथ घातलीस आणि दीड महिनाही पाळली नाहीस. वंशावळीत आबांच्या खाली एकटा वना. अरे, आम्ही दोघं एकाच पोटची! आणि माझ्याच ट्रंकेतला फोटो घेऊन त्यातून मलाच कापलंस? गावाबाहेरच्या माणसानं केलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. तू घरचा. या वयात तू मला माझ्या बापापासून तोडलंस.

अखाजीला वनाची पहिली घागर आहे. मी येणार नाही. न्यायला येऊ नकोस, दार उघडणार नाही.

लोभाचं आज लिहवत नाही.

फुई


धुळे, १० एप्रिल २०२५

ती. फुईस ललितचा शि. सा. न.

चुकलो. आबांचं मोठेपण लोकांना कळावं, एवढंच डोक्यात होतं. तुला काय वाटेल याचा विचारच केला नाही. वंशावळ बापाच्या नावानं पुढे जाते, त्यात तुला कुठे बसवावं ते समजेना, म्हणून सोडून दिलं. ते वाक्य मी काढून टाकलंय. पण चारशे जणांनी वाचलंय, त्याला आता इलाज नाही.

फोटोची चौकट एकाच चेहऱ्याची होती म्हणून कापावा लागला. तरी आबांच्या सदऱ्याच्या गुंडीपाशी तुझी चार बोटं राहिलीत. ही कुणाची, असं लोक विचारतात. दिपमाला म्हणते, सफाईनं पुसता येतील. पुसू का?

फुई, बाबांच्या घागरीत पहिलं पाणी तूच घालायचं. पाया पडतो, ये.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

ललित


यावल, १ मे २०२५

चि. ललित,

काल इथेच घागरी भरल्या. वनाची, आबांची आणि तिसरी पितांबरची. सत्तर वर्षांत त्याला मी थेंबभर पाणी दिलं नव्हतं, कारण मला बाप होता. तू लोकांसमोर दुसरा बाप दिलास, मग त्याला तहानेलं कसं ठेवू? पण पाणी घालताना त्याला काय म्हणून हाक मारावी ते सुचेना. मुलगा अजून माझ्याशी धड बोलत नाही.

बोटं पुसू का, असं विचारतोस. त्या दिवशी स्टुडिओत मी घाबरून आबांची गुंडी घट्ट धरली होती. फोटोवाला वैतागला, पोरीचा हात काढा म्हणाला. आबांनी त्याला दरडावून सांगितलं की ती मनी पोर शे, तिना हात तठेच ऱ्हाऊ द्या. मला आपली पोर म्हणाले. मोठा इतिहास शोधायला निघालास, पण ती बोटं तुझ्या डोळ्यांसमोर होती. तुला नुसती सालं दिसली.

पान तुझं आहे, हवं ते कर. माझा फोटो रजिस्टरने परत पाठव. लोभ मागितलास, तो आत्ता माझ्यापाशी नाही.

कमल,
अमृत आबांची लेक