विशेष सरकारी वकिलाची स्वतंत्र बुद्धी

३ फेब्रुवारी
नियुक्तीचं पत्र आलं. भाऊसाहेबांविरुद्धच्या खटल्यात मी विशेष सरकारी वकील. माजी मंत्री. गंगापूरच्या सूतगिरणीच्या गेटवर त्यांनी कडुबा नावाच्या कामगाराला काठीनं मारलं. सगळी शिफ्ट बघत होती. कडुबाचा डावा डोळा गेला.
संकल्प : दबावाला बळी पडायचं नाही. भाऊसाहेब सध्या विरोधी पक्षात आहेत तोवर ते जमेल, असं रूपा म्हणाली. बायकोला कायद्यातलं काही कळत नाही.

२० फेब्रुवारी
कडुबा आणि त्याची बायको गोजरबाई ऑफिसात आले. ती विचारत राहिली, शिक्षा होईल ना? मी म्हणालो, कायदा सगळ्यांना सारखा.
"व्हय," ती म्हणाली. "पण आमच्या तालुक्यात येतो का त्यो?"
असल्या लोकांसाठी लढायचं.

११ मार्च
उलटतपासणीची आरशासमोर तालीम. भाऊसाहेब रडणार.
तारीख पडली. त्यांच्या छातीत दुखत होतं. संध्याकाळी बीड बायपासच्या लॉन्सवर ते वरातीत नाचताना दिसले. आक्षेप घेतला नाही. वैद्यकीय बाबतीत मी मत देत नाही.

२ एप्रिल
भाऊसाहेब सत्ताधारी पक्षात गेले. खटल्याशी काहीही संबंध नाही.
फाईल पुन्हा वाचायला घेतली.

५ एप्रिल
काठी बांबूची की वेताची, यावर साक्षीदारांत एकमत नाही. हे आधी कसं लक्षात आलं नाही?

शनिवार, १९ एप्रिल
मुंबईहून फोन. खटला मागे घ्या, असं कोणीही म्हणालं नाही. कायद्यानं तो निर्णय सरकारी वकिलानं स्वतंत्र बुद्धीनं घ्यायचा असतो. ते मलाच घ्यायला सांगत होते. अर्ज तेवढा त्यांनीच टाईप करून पाठवला. जिल्हा सरकारी वकिलाच्या रिकाम्या पदाचा विषयही निघाला. तोसुद्धा स्वतंत्रपणे.

रविवार, २० एप्रिल
दिवसभर विचार. मध्ये मॅच होती.
संध्याकाळी निर्णय झाला : सामाजिक सलोख्यासाठी खटला मागे घ्यावा. अर्जातला एक स्वल्पविराम बदलला. आता तो पूर्णपणे माझा आहे.

सोमवार, २१ एप्रिल
न्यायाधीश मॅडमनी विचारलं, हे मत तुमचं स्वतःचं? कधी झालं? मी सांगितलं, काल संध्याकाळी, एकांतात.
गोजरबाई उठली. बस म्हटलं तरी बसली नाही. हातात मोबाईल. त्यात गंगापूर बसस्टँडवरच्या फ्लेक्सचा फोटो. 'खटला मागे! सत्याचा विजय!' भाऊसाहेब हात जोडून उभे. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत माझा फोटो.
"मॅडम, हे बोर्ड शुक्रवारीच लागलं. वकीलसाहेबांचं मन म्हणं रविवारी झालं. मग बोर्डाला आधीच कसं कळलं?"
कोर्टात हसणं शोभत नाही. पण शिस्त उरली आहे कुठं?
मी स्पष्ट केलं की फोटो परवानगीशिवाय लावला आहे, शिवाय जुना आहे. त्यात मी बारीक दिसतो.
अर्ज फेटाळला. खटला चालणार.

६ मे
मला काढलं. नवीन विशेष वकील नेमला. जिल्ह्याचं पद भाऊसाहेबांच्या साडूला. भाऊसाहेब माझा फोन घेत नाहीत. इतका निःपक्षपाती माणूस त्यांना परवडला नसावा.
रूपाला हे ऐकवलं. ती भाजी निवडत राहिली.

१९ जून
सहज कोर्टात गेलो. कडुबाची साक्ष होती. तो व्हरांड्यातून माझ्या अगदी जवळून गेला. नमस्कार केला नाही. मी त्याच्या डाव्या बाजूला होतो. त्या बाजूनं त्याला दिसत नाही.
तो परत येताना मुद्दाम त्याच्या उजव्या बाजूला उभा राहिलो.
त्याच्या डोळ्यावर ऊन आलं असावं.