निळ्या औषधाची बाटली

५ ऑक्टोबर १९८६, रविवार

पुन्हा पडवळ! परवा खोबरं घालून, काल चण्याची डाळ घालून, आज नुसतंच. मालवण कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात गेली, माझी टिपणी असल्याशिवाय तहसीलदार सही करत नसत. आणि निवृत्त होऊन चार महिने झाले नाहीत तर ही गत. माझ्याच ताटात काय यावं याबद्दल मला कोणी विचारत नाही.

दोष डॉक्टरांचा. साखर निघाली म्हणे. भात अर्ध्यावर आणा, तळलेलं बंद, गोड बंद, भाज्या भरपूर. डॉक्टर एकदाच बोलले. माझ्या बायकोने, कावेरीने, ते पाठ केलं, आणि ती रोज बोलते.

मासा? तुकडा एक, तोही सारातला. शेजारी तव्यावर सुरमई पडली की मी खिडकी लावून घेतो.

७ ऑक्टोबर, मंगळवार

नळीचा प्रकार लिहून ठेवतो. डॉक्टरांनी निळ्या औषधाची एक बाटली दिली आहे. सोबत काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा. नळीत थोडं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळवायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच. विटेसारखं लाल झालं तर तडक दवाखान्यात यायचं.

आज पिवळट. कावेरीने नळी उजेडात धरून पाहिली. दुपारी ताटात लाल माठ, एवढा ढीग!

९ ऑक्टोबर, गुरुवार

चैन नाही. ओटीवरून पुढल्या अंगणात, खळ्यात, खळ्यातून ओटीवर. पेपर वाचला, जाहिरातींसकट. मग पाय आपोआप एसटी स्टँडकडे वळले. तिथे बाबलीचं हॉटेल. माझी चूक नाही, रस्ता तसाच जातो.

"भाऊसाहेब, ताजा खाजा आसा," बाबली म्हणाला. तो मला अजून भाऊसाहेब म्हणतो, कचेरीतल्यासारखं. माणूस चांगला आहे. भजी दोनच खाल्ली. गुळाचा खाजा किती ते सांगत नाही.

घरी आल्यावर कावेरी — "खंय गेल्लात?"

"पेपर आणायला." घरातही मी कचेरीतलंच मराठी बोलतो, सवय जडलेली.

"मगे पेपर खंय आसा?"

"संपला होता." माझं नाव हरिश्चंद्र ठेवताना आईवडिलांनी फार घाई केली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ती एवढी का मागे लागते ते मला माहीत आहे. दादांचा, माझ्या वडिलांचा, पाय याच साखरेने गेला. अंगठ्याला दगड लागल्याचं निमित्त झालं. जखम भरेचना, आणि शेवटी गुडघ्याखाली कापावा लागला. मी सकाळी कचेरीत जायचो तो संध्याकाळी यायचो. पट्ट्या बदलल्या त्या कावेरीने. दादा जाईपर्यंत.

रोज दिवेलागणीला ती माझे पाय मांडीवर घेते आणि बोटांच्या बेचक्यांतून बघते. आज म्हणाली, "तुमचो पाय मी असो जावक देवचंय नाय."

मी पाय ओढून घेतला. गुदगुल्या होतात म्हणालो. भीती वाटली, खरं सांगायचं तर.

२० ऑक्टोबर, सोमवार

चारच्या चहाबरोबर नवा प्रयोग. नाचणीचं घावन, आत शेगलाचा, म्हणजे शेवग्याचा, पाला. हिरवं-काळं, शेणीसारखं दिसत होतं. "कसा झाला?" तिने विचारलं. मी म्हटलं, "विचाराधीन."

चांगलं झालं होतं! कडेला कुरकुरीत, आत मऊ, थोडी मिरची. पण चांगलं म्हटलं की उद्या पुन्हा तेच येणार. मी शेरा राखून ठेवला.

चहा बिनसाखरेचा. माझ्या वाटणीची साखर कावेरी स्वतःच्या कपात घालते. म्हणते, "मापाक सवय झाली हा." तिच्या स्वतःच्या पायाला करवंटी लागली आहे, गणपतीपासून फडकं बांधून फिरते. बघू म्हटलं तर, "माका काय झाला नाय. तुमी चा पिया."

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीला सुनीती वेंगुर्ल्याहून आली, जावईही आले. मला फराळात भाजक्या पोह्यांचा चिवडा मिळाला, मूठभर. लेकीने आणलेले लाडू कावेरीने कुलपात टाकले. दोघं गेल्यावर ते कोण संपवणार? "टाकूचे काय?" म्हणून तीच संपवणार. माझ्यासमोर खात नाही एवढी तिची दया.

सुनीती तिला म्हणाली, "आई, किती बारीक झालीस गो." मी म्हटलं, माझ्या मागे धावून धावून झाली, मला मेडल द्या. सगळे हसले.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज महत्त्वाचा दिवस.

सकाळी नळी लाल! काल बाबलीकडे जरा जास्त झालं होतं — भजीची प्लेट, दोन बुंदीचे लाडू, आणि खाजा तर होताच. पण हे कावेरीला कसं सांगणार? ती पायरीवर बसली. म्हणाली, "भाजी भरवतंय, भात मोजून वाढतंय, तरी लाल कशी?" डोळ्यांत पाणी. मला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी खोटं बोलतो, हा माझा स्वभाव.

म्हटलं, "बाटली खराब झाली. खिडकीत ऊन लागतं, औषध नासलं."

तिला पटेना. मग मला युक्ती सुचली. "तू धडधाकट आहेस ना? तुझी करून बघ. तुझीही लाल आली तर बाटली खराब, विषय संपला."

"श्शी! माझी कित्याक?" बरीच लाजली, पण केलं. नळी उकळली. निळ्याची हिरवी झाली, पिवळी झाली आणि बघता बघता विटेहून लाल. माझ्यापेक्षाही लाल!

मी टाळीच वाजवली. "बघ! आता बोल."

कावेरीने नळी उजेडात धरून पाहिली. मग म्हणाली, "व्हय. बाटली खराब आसा."

लग्नाला तीस वर्षं झाली. वाद न घालता तिने माझं म्हणणं मान्य केलं ते आज पहिल्यांदा. संध्याकाळी छाती काढून बाबलीकडे गेलो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

नळी नाही, दिवा नाही. भोपळ्याची भाजी होती, खाल्ली. जिंकलेल्या माणसाला भोपळाही चालतो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कावेरीचं काही कळत नाही. मीच म्हटलं, शनिवारी मालवणला जाऊ, नवी बाटली आणू — नुसतं म्हणायला हो, मला कुठे घाई आहे! तर म्हणते, "रवांदे." जी बाई नळीच्या मागे हात धुऊन लागली होती ती म्हणते राहू दे.

भाज्यांचा मारा मात्र चालूच. वर आता नवीन खूळ. मला चिरायला शिकवते आहे! आज विळीवर बसवलं. शेगलाचा पाला कसा खुडायचा, काड्या कशा काढायच्या, फोडणीत आधी काय, मागाहून काय. माझे हात फायलींचे. बोट कापता कापता वाचलं.

म्हटलं, "हे मला कशाला?"

"मी नसलंय तर?"

"कुठे जाणार आहेस?"

"सुनीतीकडे," म्हणाली. तोंड चुलीकडे होतं. सुनीतीकडे जायचं तर दोन दिवसांचा प्रश्न, त्यासाठी सगळा स्वयंपाक शिकायचा?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

देवाचा कौल झाला. पुढच्या शुक्रवारी गावपळण. तीन रात्री गावात माणूस राहायचं नाही, गुरं नाहीत, कोंबडी नाही, कुत्रंही नाही. सगळ्यांनी शिवेबाहेर झोपड्या घालून राहायचं आणि देवाने पुन्हा कौल दिला की परतायचं.

मला गावपळण आवडते. बाबलीही शिवेबाहेर येणार आणि तिथेच कढई मांडणार. उघड्यावर भजी. कोण बघतंय!

५ डिसेंबर, शुक्रवार

कापलेल्या मळ्यात झावळ्यांची झोपडी. शेजारी चुलतभावाची. त्याची बायको सत्यवती आणि कावेरी, दोघींची मिळून एकच चूल.

बाबली आला नाही. बायकोपोरांना घेऊन बहिणीकडे गेला, खारेपाटणला! मला एका शब्दाने बोलला नव्हता. मैलभरात कढई नाही.

आणि कावेरीने कपड्यांचं गाठोडं आणलं एवढंसं, भाज्यांची पोती दोन.

६ डिसेंबर, शनिवार

काही उद्योग नाही. येरझाऱ्या घालायला ओटीही नाही. म्हणून पाणी आणायचं काम अंगावर घेतलं. ओढ्याकाठी विहीर आहे. घरी मी कधी घागर उचलली नव्हती, चुलतभाऊ तोंडात बोट घालून बघत होता.

अशा मेहनतीने भूक लागते. शेगलाची भाजी दोनदा मागून घेतली. वर नाचणीचं घावन. सत्यवतीच्या घरची मंडळी तर भोपळ्याच्या घावनावर तुटून पडली. तव्यावरून खाली उतरू देत नव्हती. कावेरी हसली, किती दिवसांनी. म्हणाली, "आता तरी शेरो देवा." मी म्हटलं, "मंजूर."

खाज्याची आठवण झाली. पण सकाळी जेवढी झाली तेवढी संध्याकाळी झाली नाही.

७ डिसेंबर, रविवार

पाणी पुरत नाही. भरून ठेवावं तर घागर तळाला. मी ओरडलो, कोण सांडतंय? सत्यवती म्हणाली, "सांडता खंय! कावेरी कितक्या पाणी पिता, बघलात भावोजीनू? रात्री पण सारखी उठता."

मग बघायला लागलो. झोपडी म्हणजे एकच खोली, बघायला दुसरं आहे काय. तांब्यामागून तांब्या. पिते, बसते, पुन्हा उठून पिते. घरी ती माजघरात काय करते ते ओटीवरून दिसत नाही.

दुपारी आमची पुरुषांची जेवणं झाली, बायका बसल्या. कावेरीचं ताट समोरच होतं. भाताचा डोंगर, त्यावर कढी, कडेला लोणचं. भाजी नाही. चिमूटभर नाही.

"भाजी?" मी विचारलं.

"तुमका पुरली मां?"

तीस वर्षं तिने मला वाढलं. तिचं ताट मी आज पाहिलं.

पायाला फडकं अजून आहे. गणपतीत लागलेली करवंटी आणि आता मार्गशीर्ष लागला. सकाळी फडकं बदलताना मी आल्याचं बघून पाय लुगड्याखाली घेतला.

एक गोष्ट मनात येते आहे. लिहीत नाही.

८ डिसेंबर, सोमवार

कौल मिळाला. परतलो. अर्ध्या वाटेत कावेरी दोनदा बसली. "दमलंय," म्हणाली.

बाबलीचं हॉटेल उघडं होतं. त्याने हाक मारली. थांबलो नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी खिडकीतली तीच बाटली काढली. दिवा लावला.

माझी नळी निळी. पूर्ण निळी. बाटलीला काही झालेलं नाही.

मागे वळलो तर कावेरी दारात. शुद्ध बोलायचं सुचलं नाही. "तुका तेवाच कळला होता?"

"व्हय," म्हणाली. "आधी तुमचो पाय."

डॉक्टरांकडे पहिल्या एसटीने निघतो आहोत. तिची चप्पल फडक्यावरून चढत नव्हती, पट्टा मी सोडला. भाकरी आणि शेगलाची भाजी डब्यात भरली आहे, तिच्यासाठी. मी चिरली.