किल्ला राहू दे

॥ श्री ॥
कुवेत, १८ जुलै १९९०

ती. द्वारकाताईस शि. सा. न. वि. वि.

सुरुचीकडे सुखरूप पोचलीस, बरं वाटलं. लेकीच्या इंग्लंडातल्या लडलो गावात लाकडी घरं चारशे वर्षं उभी आहेत आणि बाजाराच्या चौकातच किल्ला आहे, असं लिहितेस. बाजार बघ, चर्च बघ; किल्ला मात्र मी येईपर्यंत बघायचा नाही. लहानपणी संस्कृतचा प्रत्येक धडा माझ्याआधी वाचून तू मला शेवट सांगायचीस, तेवढं पाप पुरे. हॉस्पिटलातून दहा ऑगस्टपासून रजा मिळाली आहे.

लोभ आहेच, किल्ल्यापुरता संयमही असावा.

तुझा,
दिनकर

कुवेत, १५ सप्टेंबर १९९०

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

इराकी सैन्य आलं त्याला दीड महिना झाला. टपाल बंद आहे. शेजारचे रफीकभाई बसने अम्मानला निघालेत, तिथून मुंबई. हे त्यांच्या हाती देतो. त्यांनी माझीही जागा धरली होती. पण रक्तपेढीत रक्तगट जुळवणारे आम्ही दोघंच उरलो आहोत. रफीकभाई पुष्कळ रागावले, मग आपल्या घरातला तांदूळ माझ्याकडे ठेवून गेले.

भीती वाटते का, असं विचारशील. काही वाटत नाही. हात चालतात. माझी वाट बघू नकोस. किल्ला पाहून घे.

दिनकर

॥ श्री ॥
लडलो, २२ ऑक्टोबर १९९०

चि. दिनकरास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्राखाली लोभाची ओळ नव्हती, तीच दोनदा शोधली. रफीकभाई लिहितात, तू वाळलास आणि हट्टी झालास. दुसरी गोष्ट मला नवी नाही.

सुरुची रविवारी फिरवते. स्टोकसेची जुनी गढी पाहिली, टेकड्या पाहिल्या. तिने विचारलं की छान म्हणते. सोमवारी बाजारात जाते. भाजीवालीच्या पाठीमागेच किल्ल्याचं दार आहे. सफरचंदं घेते, परत येते. एकदा आत जाऊन या, असं ती भाजीवाली म्हणाली. भाऊ यायचा आहे, म्हटलं. आता ती विचारत नाही.

तुझं ऐकणार नाही. आत गेले, तर तू येणार नाहीस असं मीच ठरवल्यासारखं होईल.

हे रफीकभाईंकडे त्यांच्या गावी, दापोलीला पाठवते. ते परततील तेव्हा तुला देतील. तू घ्यायला असावंस, एवढाच लोभ.

ताई

॥ श्री ॥
कुवेत, २० मे १९९१

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

जिवंत असल्याची तार पोचली असेलच. रफीकभाई आपलं इथलं दुकान बघायला परत आले. भिंती तेवढ्या सापडल्या. तरी आधी खिशातून तुझं पत्र काढून दिलं.

तेलविहिरी जळताहेत, भरदुपारी दिवा लावून लिहितोय. पडक्या भिंती बघायला तिकडे तिकीट काढतात, इथे फुकट. हे सवयीने लिहिलं, हसू आलेलं नाही.

पुढच्या महिन्यात रजा आहे. येतो. पण ताई, किल्ला राहू दे. मला त्या भाजीवालीसमोर उभं कर. पिशवी मी धरतो, सफरचंदं तू निवड. एकेक उलटून, दाबून बघ, पूर्वी मी ज्याला वैतागायचो तसं. घाई करू नकोस.

लोभ आहे तिथेच असावा. तो न्यायला मी येतो आहे.

तुझा,
दिनकर