तुम्ही मोठ्यानं बोललात तो दिवस

बाबा, आज सकाळी अकोल्यात आमची उपासना संपली आणि एका बाईंनी मला दारातच अडवलं. नवऱ्याबरोबर नुकत्याच आमच्या ख्रिस्ती मंडळीत आल्या आहेत, खेड्यातल्या आहेत, मनात आलेलं पोटात ठेवत नाहीत. म्हणाल्या, "येशूले देवाचा लेक म्हटलं तं समजते जी. पन शब्द काहून म्हन्तात? शब्द का देव असते?" मी इतका मोठ्यानं हसलो की त्या बिचाऱ्या ओशाळल्या. त्यांना काय सांगू, की हाच प्रश्न तुम्ही मला विचारला होता, अगदी याच सुरात, आणि त्या वेळी माझी बोलती बंद झाली होती! त्यांना ओट्यावर बसवून मी सगळं नीट समजावलं. त्या समाधानानं गेल्या आणि मी घरी येऊन कागद ओढला. तुम्हाला जाऊन किती तरी वर्षं झाली. वाचता तुम्हाला जिवंतपणीही येत नव्हतं. आई असती तर म्हणाली असती, डोकं फिरलं याचं. फिरलं असेल, पण आज मला तुमच्याशीच बोलायचं आहे.

अमरावतीच्या कापसाच्या बाजारात तुमच्याइतका अबोल दलाल दुसरा नव्हता. ती तेजीची वर्षं. सात समुद्रांपलीकडे कुठे तरी लढाई पेटली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता, आणि आपल्या काळ्या मातीतल्या कापसावर सगळ्या पेढ्या तुटून पडल्या होत्या. बंड्यांच्या रांगा गावाबाहेर जायच्या, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या, नुसता आरडाओरडा आणि धूळ. त्या गदारोळात तुम्ही मांडी घालून शांत बसलेले दिसता मला अजून. कापूसवाला येतो, तुमच्या उपरण्याखाली हात घालतो, तुम्ही त्याची बोटं दाबता. एका बोटाचा एक अर्थ, मुठीचा दुसरा. भोवती माणसांची भिंत उभी असते, तरी काय भाव ठरला ते त्या दोन हातांपलीकडे कुणाला कळत नाही. नाकावर माशी बसली तरी तुमचा चेहरा हलत नाही. घरीसुद्धा तोच कारभार. भाकर हवी असली की ताटाच्या कडेवर बोट वाजवायचं, पाणी हवं असलं की तांब्याकडे बघायचं. चुलीपुढून आई करवादायची, "याइच्या तोंडाले कुलूप हाय, अन् किल्ली बजारात हरपली." मी लहान असताना तुमच्या मांडीवर बसून उपरण्याखाली हात घालायचो, तुम्ही बोटं दाबायचात, मी भाव ओळखायचो. बरोबर आला तर मिशीखाली काही तरी हलायचं, तेच तुमचं हसू. तुमचा माझ्यावर जीव होता की नव्हता, हे मला खरंच माहीत नव्हतं. विचारण्याची हिंमत नव्हती आणि तुम्ही आपण होऊन सांगणाऱ्यातले नव्हतात.

मोठा झालो तसा मी अकोल्याला एका पेढीवर लागलो, गाठींवर खुणा घालायच्या कामाला. तिथे मोर्णा नदीच्या काठी एक उपदेशक संध्याकाळी बसत. घाटाखालून आलेले, गोड बोलणारे. त्यांच्याकडून मी येशूबद्दल ऐकलं, आधी चेष्टेनं, मग ओढीनं, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की आता मागे फिरणं होणार नाही. बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. ही बातमी माझ्याआधी अमरावतीला पोचली. जातीतल्या मोठ्या माणसांनी तुम्हाला निरोप दिला की मुलानं बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं तर बापानं त्याच्या नावाचं मडकं फोडायचं, जिवंतपणीच त्याचं तेरावं करायचं, म्हणजे बाकीचं घर जातीत राहील. मामांनी मला गाठून मधला रस्ता सुचवला. "एकच देव पाह्यजे ना तुले? मंग रिद्धपूरले जाय. तिथल्या पंथातले लोकही एकच देव मानतात. जात नाई सुटत, बापाची मानही खाली नाई जात." मामा मनापासून बोलत होते, मला राग आला नाही. पण मला नुसता एक देव नको होता. मला जो भेटला होता तो हवा होता.

मी घरी आलो तेव्हा तुम्ही जेवत होता. मी सगळं सांगितलं, उभ्यानंच. येशू कोण, ते सांगताना उपदेशकांचं वाक्य जसंच्या तसं फेकलं, की तो देवाचा शब्द आहे. तुमचा घास हातात थांबला. वर्षभराचं बोलणं तुम्ही त्या एका दमात बोलून टाकलंत. "शब्द? शब्द म्हंजे तोंडची वाफ. बजारात ज्याचं तोंड चालते त्याचा सौदा बुडते. तुह्या देवाले दुसरं काई नाव नाई भेटलं? शब्द काहून म्हन्तात त्याले?" मी सूर्य आणि उजेड असं काही तरी पुटपुटलो. तुम्ही ताट सारलंत आणि उठलात. मला जातीची भीती तितकी वाटली नव्हती. तुम्हाला सांगता आलं नाही याची लाज मात्र रात्रभर जाळत राहिली. बापाच्या एका प्रश्नावर जी श्रद्धा गप्प बसते ती कसली श्रद्धा, असं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही काही न बोलता मला बाजारात नेलंत. कशाला, ते तुम्हालाच ठाऊक. बहुधा पोरगा ताब्यात राहावा म्हणून. तिथे एक कास्तकार आला, बंडी भरून कापूस, बायको बंडीवरच बसलेली. तुम्ही उपरणं पुढे केलंत तर तो हात घालेना. "मालक, बोटं नाई समजत मले. तुमच्या मनात काय हाय थे तोंडानं सांगा. घरची मानसं ऐकून राह्यली, त्याइलेही कळू द्या." लोक हसले. तुम्ही उपरणं तसंच धरून बसलात आणि तो निघून गेला. त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी बघत राहिलो. मला उत्तर सापडलं होतं, बाबा! भर बाजारात, सरकीच्या वासात. मला नाचावंसं वाटत होतं.

घरी येईपर्यंत धीर धरवेना, रस्त्यातच मी सुरू झालो. विचारलं, "बाबा, तुम्ही भाव मनात धरता तो तुमच्याहून वेगळा असतो का?" तुम्ही चालता चालता मान हलवलीत, नाही म्हणून. "एखादी वेळ अशी असते का की तुम्ही आहात आणि तुमच्या मनात काहीच नाही?" पुन्हा नाही. "मग देवाचंही तसंच. त्याचं मन, त्याचं शहाणपण, त्याच्यात पहिल्यापासून आहे. देव आधी मुका होता आणि मग त्याला वाचा फुटली असं कधी झालंच नाही. तो शब्द देवाजवळ होता आणि देवच होता. ही माती, हे बैल, तुम्ही, मी, सगळं त्याच्याच द्वारे झालं." तुम्ही थांबलात. मी पुढे रेटलं. "पण ते मन आपल्याला कसं कळावं? आपण उपरण्याभोवती उभे. आत काय चाललंय त्याचा अंदाज बांधतो. कुणी म्हणतो देव रागावला, कुणी म्हणतो त्याला नवस पाहिजे. मोठमोठे लोक त्याचे निरोप घेऊन आले, पण निरोप्या वेगळा आणि धनी वेगळा. येशू निरोप घेऊन आला नाही. देवाचं मनच हाडामांसाचं होऊन आपल्यात येऊन राहिलं. तो आजाऱ्याला शिवला म्हणजे देवाच्या मनात काय आहे ते दिसलं. तो मेलेल्या मित्रासाठी रडला म्हणजे तेही दिसलं. आता आत वेगळा देव आणि बाहेर वेगळा, असं काही उरलं नाही. म्हणून त्याला शब्द म्हणतात. देवानं उपरणं काढून टाकलं, बाबा."

तुम्ही खांद्यावरचं उपरणं सारखं केलंत. मग म्हणालात, "म्हंजे तुह्या देवाले दलाल नाई लागत?"

"नाही लागत."

"मंग माह्यासारख्याचं पोट कसं भरन गा?" आणि मिशीखाली ते हललं. आयुष्यात मी पुष्कळ प्रवचनं केली, पुष्कळ लोकांनी वाहवा केली, पण त्या हलण्याइतका माझा गौरव कुणी केला नाही.

तरी बैठक टळली नाही. आपल्याच ओट्यावर जातीतली माणसं जमली. मधोमध कोरं मडकं आणून ठेवलं. आई आत दाराला धरून उभी होती, तिचा हुंदका मला ऐकू येत होता. मला खाली, अंगणात उभं केलं होतं. सगळ्यांत वडीलधारे होते ते तसे सज्जन माणूस; तुमचा स्वभाव त्यांना ठाऊक. त्यांनी तुमच्या बाजूला बसून आपलं उपरणं पसरलं आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमच्यानं बोलनं होनार नाई, हे समजते आमाले. इथं हात घाला. एक बोट दाबलं तं मडकं फोडू, मूठ मिटली तं नाई. कोनाले काई सांगाचं काम नाई." खरंच दयेनं म्हणाले ते. त्यांना वाटलं, बापाला चारचौघांत लेकाचं मरण बोलायला लागू नये. मला खालून फक्त तुमचा हात दिसत होता, आणि तो उपरण्याकडे चालला होता.

तुम्ही ते उपरणं उचललंत, त्याची घडी केलीत आणि त्यांच्या मांडीवर ठेवलीत. मग उभे राहिलात. तुमचा मोठा आवाज मी त्याआधी ऐकलाच नव्हता, तो इतका घोगरा आणि इतका भरदार असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. "हा माहा पोरगा हाय. काल होता, आज हाय, उद्याही राहीन. त्याले कोनाचंही पानी घेऊ द्या. माह्या मनात हे हाय, अन् हे मी तोंडानं सांगून राह्यलो. सगळ्याइनं आयका." समोरच्या गल्लीतल्या बायासुद्धा दारात आल्या. आईचं रडणं थांबलं. कुणी तरी "अहो, पण" असं म्हणालं, तर तुम्ही मडक्याकडे बोट दाखवून आईला म्हणालात, "थे आत ने गं. प्याचं पानी भराले कामी पडन."

बाबा, तोपर्यंत मी जे समजावत होतो ते डोक्यानं समजलो होतो. त्या ओट्याखाली उभं राहून मला ते पोटातून कळलं. तुम्ही मला काही माहिती दिली नव्हती. इतकी वर्षं तुमच्या आत जे होतं तेच बाहेर आलं होतं, आणि ते बाहेर आल्यावर तुम्हाला त्याचं मोलही द्यावं लागलं. पंगतीत तुमचं पान मांडणं बंद झालं. बाजारात काही जणांनी तुमच्याकडे पाठ केली. तुम्ही एकदाही कुरकुर केली नाहीत, उलट घरी थोडं थोडं बोलायला लागलात, इतकं की आई वैतागून म्हणायची, पहिलाच बरा होता माणूस. माझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी तुम्ही बंडी जुंपून अकोल्याला आलात. पाण्याजवळ आला नाहीत, दूर लिंबाखाली पागोटं बांधून, सगळ्यांना दिसाल असे बसलात. तुम्ही शेवटपर्यंत आपल्या देवांचेच राहिलात आणि मी कधी तुमच्या मागे लागलो नाही. लोक मला विचारतात की बापाला का नाही आणलंस. मी त्यांना काय सांगणार? देव माणसापुढे कसा उघड होतो, हे मला ज्यानं करून दाखवलं, त्याला मी काय शिकवणार होतो!

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते पेटीत राहील. फक्त एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही, ती तुम्हाला सांगतो. मी उपासनेत शास्त्र वाचतो तेव्हा अगदी स्वच्छ, पुस्तकी मराठीत वाचतो, लोक कौतुक करतात. पण जिथे देव बोलतो असं येतं, तिथे माझ्या कानात ते पुस्तकी कधीच वाजत नाही. तिथे तो वऱ्हाडी बोलतो, थोडा घोगरा, आणि तुमच्यासारखंच मला 'गा' म्हणून हाक मारतो.