तीन खाचांची फळी

सन २०२१ च्या वैशाखातल्या त्या सकाळी मी अंगण सारवलं, शेळीला पाला टाकला, घाटावर येऊन तीन दगडांवर डांबराचा डबा चढवला आणि खाली तुराट्या सरकवल्या. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा टिकाराम, पालथ्या घातलेल्या नावेपाशी उकिडवे बसून लाकडी हातोडीनं एकेक फळी वाजवत होते. चांगली फळी टणकन बोलते, सडलेली नुसती थप्प करते. सहावी फळी थप्प बोलली. डांबर पातळ झालं असं मी सांगितलं, तर ते म्हणाले, "उतरव डबा. हिले डांबर नाही, नव्या फळ्या पाहिजे." मग पटाशी घेऊन त्याच फळीवर त्यांनी तीन खाचा मारल्या. तीन खाचांची नाव पाण्यात घालायची नाही, हे आमच्या घाटावर लहान पोरालाही ठाऊक होतं.

मी, मनकर्णाबाई टिकाराम मारबते, वय चौसष्ट, धंदा नावेच्या तळाची डागडुजी, राहणार बपेरा, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. मी रागात आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे, हे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. मला कोणी भरीला घातलेलं नाही. मी शाळेत गेले नाही. रंगाच्या डब्यांवरची अक्षरं जोडत वाचायला शिकले, पुढे अश्वजित गुरुजींनी पुस्तकं दिली. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही.

एक. दोन खोल्यांचं कौलारू घर आणि मागची जागा माझी सून कीर्ती हिला द्यावी. माझा मुलगा कुंदन याला नाही. कीर्तीनं त्याला घरात ठेवावं की नाही, हा तिचा प्रश्न आहे. मी दोन्ही बाजूंनी काही म्हणणार नाही.

दोन. लाकूड तासायचा वासला, दोन पटाश्या, खरवडायचं पातं आणि मालकांची हातोडी, हेही कीर्तीलाच. नावेचा जीव तळात असतो. वर्षभरात तळाला शेवाळ चढतं, बारीक शिंपले चिकटतात, त्याखाली ओल धरते आणि ओलीत कीड पडते. दर वैशाखात तळ लाकूड दिसेपर्यंत खरवडायचा, उन्हात वाळवायचा, सांध्यांत तेलात भिजवलेला ताग ठोकायचा, मग राळ आणि मग डांबर. यातलं एकही काम रंगानं होत नाही. कुंदनला ते चाळीस वेळा शिकवलं. कीर्तीनं नुसतं पाहून उचललं. फळीचा आवाज तिला कळतो. बाईमाणसानं नाव ठोकू नये असं कोणी म्हणालं, तर चाळीस वर्षं खरवडलं कोणी, ते विचारावं.

तीन. नावेचा ठेकेदार तेजराम यानं माझ्या तेरवीला येऊ नये. मालकांच्या तेरवीला तो आला, पंगतीत बसला, भात दोनदा मागून घेतला आणि हात धुताना म्हणाला, "टिकाराम माणूस चांगला होता, पण म्हातारपणी नजर गेली त्याची." मी वाढत होते. हातातली बादली त्याच्या डोक्यात घातली नाही, याचा मला आजही पस्तावा आहे.

ती नाव तेजरामची होती. नव्या फळ्या घालायला महिना गेला असता आणि धानाच्या रोवण्याचे दिवस तोंडावर होते, म्हणून त्यानं तिला नुसता रंग मारून घेतला. पलीकडच्या बांध्यांत रोवण्याला जाणाऱ्या बाया त्याच नावेनं जात. सन २०२१ च्या आषाढात, निळ्याशार रंगात चमकणारी ती नाव मधल्या धारेत तळातून फुटली. अकरा बाया होत्या. दहा निघाल्या. निर्मलाबाईची रुपा निघाली नाही.

चार. डाकघरातली माझी सगळी शिल्लक रुपाच्या मुलीला, दामिनीला द्यावी. आई गेली तेव्हा ती दोन वर्षांची होती. हे दान नाही आणि भरपाईही नाही. भरपाई होत नसते.

पाच. आता फळी.

नाव बुडाली त्याच संध्याकाळी ती ओढून काठावर आणली. पंचनाम्यात लिहिलं की तळ नुकताच रंगवलेला असून धोक्याची कोणतीही खूण नाही. मालक सांगत होते, मी खाचा मारल्या आहेत, रंग खरवडून पाहा. अंधार पडत आला होता. पंचनामा करणारे साहेब उद्या पाहू म्हणाले.

मी उद्यापर्यंत थांबले नाही. पहाटे पातं घेऊन एकटीच गेले. सहाव्या फळीवरचा रंग खरवडला. खाली पुट्टी निघाली. खिळ्यानं पुट्टी उकरली, तर ती तांबडी होती, विटेची पूड आणि राळ घालून मळलेली. तशी पुट्टी या घाटावर आमच्याच घरी होते. मालक मळत, मी मळते आणि कुंदन मळतो. त्या वैशाखात तेजरामनं कुंदनला नव्या मोटरबोटीवर ठेवायचा शब्द दिला होता, तेही मला आठवलं.

घरून करवत आणून खाचांनिशी ती फळी मी हातभर कापली, घरी नेली, गोणपाटात बांधली आणि माळ्यावर टाकली. पोराला पोलिसांनी नेऊ नये, एवढंच डोक्यात होतं. साहेब आले तेव्हा फळीच्या जागी भगदाड होतं. सगळे म्हणाले, टिकारामनं स्वतःचं खोटं काम लपवायला फळी कापून नेली. त्यानंतर एकाही नावाड्यानं त्यांना नाव दाखवली नाही. अकरा महिन्यांनी ते गेले. डॉक्टरनं कागदावर छातीचं काही लिहिलं. मी तो कागद वाचला. त्यात खरं कारण नव्हतं.

ते गेल्यावर मी माळ्यावर चढले. गोणपाटाला मी साधी गाठ मारली होती. आता तिथे नाव बांधायची दुहेरी गाठ होती. म्हणजे त्यांनी उघडून पाहिलं होतं, पुट्टीचा रंगही पाहिला होता आणि पुन्हा बांधून ठेवलं होतं. माझ्या हातचं जेवत राहिले, एका शब्दानं बोलले नाहीत. मी त्यांच्यासाठी रडते आणि त्यांच्यावर चिडतेही. त्यांनी मला एकदा तरी मारायचं होतं.

कुंदनला मी एकदाच विचारलं. तो म्हणाला, "एक हंगाम निघून जाईल वाटलं, माय." एवढंच.

म्हणून माझ्या मरणानंतर ही फळी मच्छीमार संस्थेच्या दारावर ठोकावी आणि हे पाचवं कलम बैठकीत मोठ्यानं वाचावं. कुंदननं तिथे उभं राहून पुट्टी मी भरली असं सांगितलं, तरच त्यानं मला अग्नी द्यावा. नाही सांगितलं, तर कीर्तीनं द्यावा. फळी मी कापली, हे मी इथे सांगितलं आहे.

वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

सही : मनकर्णाबाई टिकाराम मारबते
साक्षीदार १ : अश्वजित केशवराव रामटेके, निवृत्त शिक्षक (सही)
साक्षीदार २ : निर्मलाबाई डोमा मेश्राम, रुपाची आई (डाव्या हाताचा अंगठा)
ठिकाण : बपेरा. मंगळवार, दिनांक ११ फेब्रुवारी २०२५

पुरवणी, त्याच हातानं. गुरुजींनी शाईचा डबा पुढे केला, तरी निर्मलाबाईनं आधी हात पुढे केला नाही. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मेल्यावर काहून वं? मेल्यावर मी थुंकू कोणाच्या तोंडावर?" आणि अंगठा देऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी अंगण सारवलं, शेळीला पाला टाकला आणि फळी डोक्यावर घेऊन घाटावर गेले. बाया नावेत बसत होत्या, निर्मलाबाईही होती. मोटरवर कुंदन होता. मी गोणपाटाची गाठ सोडली आणि फळी सगळ्यांसमोर उभी धरली.