भूकंपात मरायला कुणी तयार नाही

२४ नोव्हेंबर, रविवार
टीव्हीवर भूकंपाचा पिक्चर पाहिला. अख्खं शहर जमीनदोस्त, पण बाप बायको-पोरांना ओढून बाहेर काढतोच! काय माणूस! मी सोफ्यावर उभाच राहिलो. प्राची म्हणाली, पप्पा, टीव्ही दिसत नाही.
ठरलं. असाच पिक्चर आपण काढायचा. अहिराणीत, यूट्यूबवर. लेखक, दिग्दर्शक, हीरो: मी. कुटुंब घरचंच आहे. बॉडीसाठी उद्यापासून पांझरा नदीकाठी धावणे.

२५ नोव्हेंबर
थंडी फार. धावणे एक तारखेपासून. महिन्याची सुरुवात बरी असते.
लग्नांचं शूटिंग करणारा हसीब कॅमेऱ्याला तयार. सोनगीरला आधारनानांच्या, म्हणजे काकांच्या शेतात पडका गोठा आहे. भूकंपाचं निम्मं काम आधीच झालंय.

३० नोव्हेंबर
स्टोरी झाली. पहिल्या धक्क्यात आई जाते, दुसऱ्यात नाना, तिसऱ्यात बायको, म्हणजे मृणाली. प्राचीला मी वाचवतो. लिहिताना मलाच भरून आलं.
घरात वाचून दाखवली. आईने साफ नकार दिला. ती नुकतीच बँकेत हयातीचा दाखला देऊन आलीय. यूट्यूबवर मेलेली दिसले आणि पेन्शन थांबली तर तुझ्या पिक्चरवर जगू का, म्हणाली. बिनतोड! आई वाचते.

३ डिसेंबर
सोनगीरला गेलो. नाना सोसायटीच्या निवडणुकीला उभे आहेत. विरोधक मेलेला फोटो गावभर फिरवतील म्हणे. शिवाय, हाऊ बठ्ठा येडापना शे, असंही म्हणाले. जुन्या लोकांना सिनेमा कळत नाही. नाना वाचतात.
संध्याकाळी मृणालीही फिरली. धरणगावला तिच्या आईला बीपी आहे. लेक मेलेली पाहून त्या पहिल्या एसटीने येतील आणि दोन महिने हलणार नाहीत. मृणाली ताबडतोब वाचते.

८ डिसेंबर
धावण्याबाबत: गुडघ्यात कळ. (अजून सुरुवात नाही, पण जपलेलं बरं.)
हसीब घरी आला. म्हणाला, भाई, एकही माणूस मरत नसेल तर भूकंप वाटत नाही, घराचं रंगकाम चाललंय असं वाटतं. हळूहळू सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्राची म्हणाली, पप्पा, म्हणजे तुम्हाला धावायलाही नको.
विचार केला. पळणं कुणालाही जमतं. मरणं ही खरी ॲक्टिंग. आणि इथे लिहायला हरकत नाही: आपण गेलो तर ही माणसं रडतील का, हे मला कधीचं ऐकायचंय. मीच मरतो. पिक्चर आता माझ्यावरच उभा आहे.

२२ डिसेंबर, रविवार
शूटिंग. सोनगीर. आधी घरचे सगळे एकेक करून वाचले. आई तर धक्का बसायच्या आधीच बाहेर जाऊन उभी राहिली.
मग माझा सीन. अंगावर थर्माकोल, पत्रा, दोन पोती कडबा. ॲक्शन झाली आणि मृणालीने 'अहो' म्हणून असा काही हंबरडा फोडला की मी आतल्या आत रडलो. प्राचीही हुंदके देत होती. आईसुद्धा! एवढा जीव आहे यांचा माझ्यावर, आणि मला पत्ताच नाही! फार बरं वाटलं. खरंच.
मग सगळं शांत झालं. कट ऐकू येईना. हसीब शॉट लांबवतोय, असं मी ताडलं. नाक खाजलं तरी हललो नाही. कापसाच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचा वास आला, तरी हललो नाही. शेवटी पायाला मुंग्या आल्या म्हणून पत्रा सारला.
समोर कुणीच नाही. लांब बांधावर सगळे पंगतीला. भरताची परात जवळजवळ रिकामी.
मृणालीने विचारलं, अहो, कुठे होतात? मी म्हणालो, ढिगाऱ्याखाली. तिने पुरीचा घास तोंडात टाकून विचारलं, अजून?
वाईट वाटलं. पण कलाकाराने मन मोठं ठेवायचं. हसीबला विचारलं, रडण्याचा शॉट कसा आला? तो म्हणाला, भाई, बॅटरी त्याच्या आधीच उतरली, परत घ्यावा लागेल.
मी लगेच जाऊन ढिगाऱ्याखाली आडवा झालो. बॅटरी बदलून कॅमेरा आला. बाकी कुणी येईना. मृणालीने बांधावरूनच कळवलं, एवढं भरीत खाऊन आता कुणालाही रडू येणार नाही.